बंदीचे ६१ दिवस: जाळ्यांबरोबर मोबाईलचीही डागडुजी करा



१ जूनला बंदी लागली. मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा, सगळीकडे बोटी नांगरून उभ्या आहेत. लहान होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या आहेत. ३१ जुलैपर्यंत करायची कामे कोणाला सांगावी लागत नाहीत. जाळी तुणायची, तळ खरवडून रंग द्यायचा, पंखा आणि शाफ्ट तपासायचा, इंजिनाचे तेल बदलायचे, दोर नवे घ्यायचे. ही यादी आजोबांपासून चालत आली आहे.

या यादीत यंदा एक काम वाढवा, ते म्हणजे मोबाईल.

कारण साधे आहे. पूर्वी बोटीच्या धंद्याचे सगळे घरातल्या पत्र्याच्या पेटीत असायचे: पैसे, व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या, बोटीचे कागद, खलाशांच्या उचलीची वही. आज ती पेटी खिशात आली आहे. व्यापारी पैसे यूपीआयने पाठवतो, चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, खलाशाची उचल फोनवरून जाते. आणि हा फोन रोज खाऱ्या पाण्याजवळ, ओल्या हातात, जेटीच्या धक्काबुक्कीत असतो.

स्वतःला एकच प्रश्न विचारा. ऐन ऑक्टोबरात हा फोन पाण्यात पडला, तर दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे काय उरेल? कोणाकडून किती येणे आहे, ते सांगता येईल? उत्तर 'नाही' असेल, तर पुढचे नीट वाचा. नवा फोन घ्यायची गरज नाही, पैसे देऊन कुठले ॲप घ्यायचीही गरज नाही. आहे त्याच फोनवर होणारी ही कामे आहेत.

१. येणे बाकी आधी कागदावर आणा

धंद्यातले सर्वांत मोठे भोक इथे आहे, म्हणून इथूनच सुरुवात करू. एका फेरीचा हिशोब बघा. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

डिझेल १४,०००, बर्फ ३,०००, रेशन-पाणी १,५००. एकूण खर्च १८,५०० रुपये.

बांगडे २० क्रेट, एका क्रेटमध्ये २५ किलो, म्हणजे ५०० किलो. दर ८० रुपये, झाले ४०,०००. इसवण ३० किलो, दर ५००, झाले १५,०००. एकूण विक्री ५५,००० रुपये.

घरी आल्यावर आपण म्हणतो, फेरी चांगली झाली, साडेछत्तीस हजार सुटले. पण व्यापाऱ्याने त्या दिवशी दिले ३०,०००. म्हणजे हातात आले साडेअकरा हजार. उरलेले २५,००० त्याच्याकडे. अशा पाच फेऱ्या झाल्या की सव्वा लाख रुपये बाहेर, आणि त्यातला प्रत्येक आकडा फक्त तोंडी. पुढच्या वेळी तो दहा हजार देतो आणि म्हणतो, "मागचे मिटले." मिटले की नाही, हे कोण सांगणार?

व्यापारी वाईटच असतो असे नाही. तोही वीस बोटींचा माल घेतो, त्याच्याही डोक्यात सगळे राहत नाही. ज्याच्याकडे लिहिलेले असते, त्याचे खरे ठरते.

यासाठी एवढे करा:

• घरातल्या दोन-तीन माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा. नाव द्या 'बोट हिशोब'. त्यात सुप्रभात नको, व्हिडिओ नकोत, फक्त हिशोब.
• वजन झाले की तिथेच चिठ्ठीचा फोटो काढून ग्रुपवर टाका. मशीनची छापील पावती काही महिन्यांत पुसट होते आणि हाताची चिठ्ठी खिशात भिजते. फोटो राहतो, त्यावर तारीख आणि वेळही राहते.
• हात ओले असले तर बोला. फोनच्या कीबोर्डवर मराठी भाषा चालू करा, माईकचे चिन्ह दाबा आणि सांगा: "बांगडे वीस क्रेट, दर ऐंशी, मिळाले तीस हजार, बाकी पंचवीस." अक्षरे आपोआप उमटतात. पाठवण्यापूर्वी आकडे एकदा बघा, कारण जेटीवरच्या आवाजात यंत्रही कधी चुकीचे ऐकते.
• त्या ग्रुपमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज, म्हणजे डिसअपिअरिंग मेसेजची सोय बंद आहे ना, ते तपासा. नाहीतर तीन महिन्यांनी हिशोबच गायब.
• आठवड्यातून एकदा ग्रुप बघून वहीत किंवा फोनच्या शीटमध्ये उतरवा. रकाने सहाच पुरेत: तारीख, खर्च, विक्री, व्यापारी, मिळाले, बाकी.
• महिन्याला एकदा व्यापाऱ्याला बाकीचा आकडा मेसेजने पाठवा: "३० तारखेपर्यंत तुमच्याकडे एवढे येणे." तो 'ठीक' म्हणाला तरी पुरे. तो 'ठीक' हाच तुमचा कागद.

बहुतेक घरांत हे काम बायका जास्त चोख करतात. मालक जेटीवरून फोटो पाठवतो, घरी ती वहीत मांडते. ज्या घरात अशी वाटणी आहे, तिथे मे महिन्यात भांडणे कमी होतात.

क्रेटच्या मोजणीतही हेच. एका फेरीत एक क्रेट कमी धरला गेला, तर वरच्याच दराने २,००० रुपये गेले. वीस फेऱ्यांत ४०,०००. तेवढ्यात जाळ्याची दुरुस्ती निघते.

२. खलाशांची उचल: नोंद त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही

आपल्या बोटींवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली मुले काम करतात. उचल कधी रोख, कधी फोनवरून, कधी त्याच्या भावाच्या खात्यावर. हंगाम संपला की तो म्हणतो पंधरा हजार घेतले, आपण म्हणतो बावीस.

शक्यतो उचल त्याच्याच खात्यावर टाका. यूपीआयने पैसे पाठवताना खाली 'नोट' लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. 'सप्टेंबर उचल' एवढे लिहा. बँकेचे स्टेटमेंट काढल्यावर वाद उरत नाही. रोख दिली तर त्याच्या समोरच ग्रुपवर नोंद करा आणि त्याच्या नंबरवरही पाठवा.

आणखी एक गोष्ट. अनेक मालकांनी खलाशांना स्वतःच्या आधारवर सिमकार्ड घेऊन दिलेली आहेत. माणूस गावी गेला, सिम त्याच्याकडेच. उद्या त्या नंबरवरून काही गैरप्रकार झाला तर पोलीस पहिले तुमच्या दारात येतील. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसते. नको असलेले नंबर तिथूनच कळवता येतात. दहा मिनिटांचे काम आहे, याच आठवड्यात करा.

३. क्यूआर कोणाच्या खात्याचा?

हा प्रश्न खास बाजारात मासे विकणाऱ्या आमच्या बहिणींसाठी. पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारात आता दहा रुपयांच्या कोथिंबिरीलाही क्यूआर आहे, मग मासळीला का नसेल! पण पाटीसमोरचा तो कागद कोणाच्या खात्याला जोडलेला आहे? पुष्कळदा मुलाच्या, कधी भाच्याच्या, कधी शेजाऱ्याच्या. सुरुवातीला सोयीचे वाटते. नंतर दिवसभराची कमाई आपली, पण काढायची तर दुसऱ्याला विचारायचे. बँकेत कर्ज मागायला गेले तर स्वतःच्या खात्यात व्यवहारच दिसत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे. बँक कर्ज देताना खात्यातली उलाढाल बघते. रोज थोडे थोडे का होईना, पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात आले तर तेच उद्या तुमच्या बाजूने बोलतात. म्हणून बंदीच्या दिवसांत बँकेत जा, स्वतःच्या खात्याला स्वतःचा नंबर जोडा आणि त्याचाच क्यूआर घ्या. साधा बटणांचा फोन असला तरी पैसे घ्यायला अडत नाही. क्यूआरचा छापील कागद आणि पैसे आल्याचे सांगणारा स्पीकर पुरतो.

बोटमालकांनीही एक करावे. जेटीवरच्या व्यवहाराचे खाते वेगळे ठेवा आणि घरची शिल्लक वेगळ्या खात्यात, जे यूपीआयला जोडलेलेच नाही. जेटीच्या खात्यात डिझेल-बर्फापुरते ठेवा, बाकीचे वेळोवेळी हलवा. फोन चोरीला गेला किंवा कोणी फसवले, तरी हात फक्त त्या लहान पेटीपर्यंत पोचतो.

४. फसवणूक: सहा गोष्टी पाठ करा

• पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. बाकी सगळे विसरलात तरी हे विसरू नका.

• "आर्मी कॅम्पमधून बोलतोय, ५० किलो सुंगटे पाहिजेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा." फौजी असल्याचे सांगून दुकानदारांना गाठायची ही जुनी चाल आहे. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतात. मोठी ऑर्डर, भाव न करता होकार आणि घाई, या तीन गोष्टी एकत्र आल्या की फोन ठेवा. मासळी घ्यायला आलेला खरा माणूस भाव केल्याशिवाय राहत नाही!

• गिऱ्हाईक स्क्रीनवर हिरवी खूण दाखवते, ती खरी मानू नका. अशी चित्रे बनवता येतात. आपल्या फोनवर किंवा स्पीकरवर पैसे आल्याचे कळल्यावरच मासळीची पिशवी द्या.

• सकाळी पाटी मांडताना आपलाच क्यूआर एकदा स्कॅन करून नाव बघा. आपल्या कागदावर दुसऱ्याचा कागद चिकटवणारे असतात.

• चलन, वीजबिल, लग्नपत्रिका, सरकारी योजना अशा नावाने आलेली आणि शेवटी 'एपीके' असलेली फाईल उघडू नका, मग ती ओळखीच्या नंबरवरून आलेली का असेना. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरवरूनच.

• "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा" असा फोन आला तर घाईने परत पाठवू नका. आधी खात्यात खरेच आले का ते बघा. आले असतील तर त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा आणि आपणही आपल्या बँकेला कळवा. अनोळखी माणसाचे पैसे आपल्या खात्यातून फिरवू नका. ते फसवणुकीचे निघाले तर खाते गोठते, आणि ऐन हंगामात खाते गोठले तर डिझेल कशाने भरणार?

फसवणूक झालीच तर लाजू नका आणि संध्याकाळची वाट बघू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी ते अडवले जाण्याची शक्यता जास्त.

५. फोन पाण्यात पडला तर

आधीची तयारी:

• *#०६# दाबा. फोनचा आयएमईआय नंबर दिसतो. तो घरातल्या वहीत लिहा, फोनमध्ये नव्हे.
• व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन ठेवा.
• फोनला लॉक हवेच. आपल्या जन्मसालाचा किंवा बोटीच्या नंबराचा पिन नको, तो अख्ख्या जेटीला माहीत असतो.
• व्यापारी, बर्फवाला, मेकॅनिक, बँक आणि घरचे असे दहा महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा.
• बंदीच्या काळात रिचार्ज बंद ठेवायची सवय सोडा. बँकेला जोडलेला नंबर फार दिवस बंद राहिला तर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते.

फोन हरवला तर क्रम असा: आधी सिम बंद करायला सांगा, मग बँकेला कळवा, मग पोलिसांत तक्रार द्या. त्या तक्रारीच्या आधारे संचार साथी पोर्टलवरून फोनच बंद करता येतो. म्हणून तो आयएमईआय नंबर हवा.

आता तांडेलांसाठी. बोटीवरच्या जीपीएसमध्ये वर्षानुवर्षे साठवलेले पॉइंट असतात. कुठे खडप आहे, कुठे जाळे अडकते, कुठे माणकी लागते. यंत्र बिघडले की ही सगळी माहिती गेली. बंदीत एक दिवस बसा, पॉइंटची यादी एकेक पान उघडून फोटो काढा आणि वहीतही उतरवा. ही वही बोटीइतकीच मोलाची आहे. फोटो मात्र ग्रुपवर फिरवू नका!

६. बोटीचे कागद

नोंदणी, परवाना, विमा, खलाशांची ओळखपत्रे, इंजिनाचे बिल, डिझेलची बिले. प्रत्येकाचा उजेडात, सरळ फोटो काढा. एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तीच प्रत घरातल्या दुसऱ्या फोनवरही पाठवा. विम्याची आणि परवान्याची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधी गजर लावून ठेवा. विमा संपल्याचे अपघातानंतर कळून उपयोग नाही.

पण लक्षात ठेवा, आपण काढलेला फोटो ही फक्त आपली प्रत. तो मूळ कागद नव्हे. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद मूळ कागदासारखा मानला जातो, आपण स्वतः अपलोड केलेला फोटो तसा मानला जात नाही. तपासणीला बोटीवर जे कागद लागतात ते प्लास्टिकच्या बंद पिशवीत बोटीवर असलेच पाहिजेत.

११ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर अजून नोंदणी केली नसेल तर हेच दिवस बरे. मासे पकडणारे आणि विकणारे, दोघांनीही करायची आहे. आधार आणि बँकेला जोडलेला मोबाईल नंबर तयार ठेवा.

७. डिझेल जाळण्याआधी दोन मिनिटे

हैदराबादची 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा बघतात. जिथे थंड आणि गरम पाणी भेटते, जिथे शेवाळाचे बारीक कण जास्त, तिथे मासा चरायला येतो, हा त्यामागचा हिशोब. जुने तांडेल पाण्याचा रंग आणि पक्षी बघून जे ओळखायचे, तेच हे लांबून बघणे. मासा असेलच अशी हमी नाही. दाट ढग असले किंवा समुद्र खवळलेला असला की ही माहिती येत नाही. पण अंदाजाने चार ठिकाणी फिरण्यापेक्षा एका दिशेने गेले तर डिझेल वाचते. लाटा आणि वाऱ्याचा अंदाजही हीच संस्था देते. त्यांचे 'समुद्र' नावाचे ॲप आहे.

किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाईलची रेंज जाते. म्हणून माहिती जेटीवरच उघडून स्क्रीनशॉट काढा. खोल समुद्रात भरवसा ट्रान्सपॉन्डर आणि व्हीएचएफचा. मोबाईलवर विसंबून राहू नका. ट्रान्सपॉन्डर बसवलेला असेल तर त्यावरून संकटाचा संदेश पाठवता येतो आणि वादळाचा इशाराही येतो. तो कसा वापरायचा हे फक्त तांडेलाला माहीत असून चालणार नाही. बंदीतच सगळ्या खलाशांना दाखवा. व्हीएचएफवर चॅनल १६. रेंजमध्ये असाल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. हे आकडे केबिनमध्ये रंगाने लिहा.

आठ आठवड्यांची यादी

एका दिवसात सगळे होणार नाही. असे वाटून घ्या:

पहिला आठवडा: फोनचे लॉक, बॅकअप, आयएमईआय.
दुसरा: सगळ्या कागदांचे फोटो, तारखांचे गजर.
तिसरा: बँक, स्वतःचा नंबर, स्वतःचा क्यूआर, वेगळे खाते.
चौथा: गेल्या हंगामाची येणे बाकी. चिठ्ठ्या गोळा करा आणि व्यापाऱ्याबरोबर आकडा ठरवा.
पाचवा: आपल्या नावावरची सिम.
सहावा: जीपीएसचे पॉइंट वहीत.
सातवा: प्लॅटफॉर्मवर नोंदणी, कर्जाचे कागद.
आठवा: 'बोट हिशोब' ग्रुप, खलाशी आले की ट्रान्सपॉन्डरची तालीम.

चौथ्या आठवड्याचे काम टाळू नका. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करताना मागच्या वर्षीची बाकी किती, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

काही अडले तर फोन घेऊन संस्थेच्या कार्यालयात या, बसून करून देऊ. फक्त पिन टाकायची वेळ आली की आम्हाला तोंड फिरवायला सांगा. पिन आम्हालाही दाखवायचा नाही.